वाचकांचे प्रश्न : सी भाषेत कामांची यादी लिहिताना

प्रश्न : मी वाळपईचा असून संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. प्रकल्प म्हणून सी भाषेत टर्मिनलवर चालणारा, कामांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहीत आहे. पडद्यावर मेन्यू येतो आणि आकडा दाबला की काम जोडता, पाहता, पूर्ण करता किंवा काढून टाकता येते. सुरुवातीला शीर्षक वाचण्यासाठी स्कॅनएफ वापरले, तेव्हा पहिला शब्द तेवढाच साठवला जाई. वरच्या वर्गातील एका मित्राच्या सांगण्यावरून पूर्ण ओळ वाचणारे एफगेट्स घेतले, तर शीर्षक रिकामेच येऊ लागले. म्हणून त्याआधी एकच चिन्ह वाचणारे गेटचार टाकले. आता ‘गणपतीच्या माटोळीसाठी सामान आणणे’ असे काम लिहिले की ‘गणपतीच्या माटोळीसाठी स’ एवढेच साठवले जाते, त्यापुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते आणि तारीख टाइप करू न देताच प्रोग्राम पुढे जातो. शीर्षकासाठी मी ६४ जागांचा कॅरॅक्टर अ‍ॅरे ठेवला आहे आणि हे शीर्षक काही तेवढे लांब नाही. शिवाय जूनच्या पावसात एकदा ऐन वेळी वीज गेली आणि यादीची फाइल पूर्ण रिकामी झाली. अ‍ॅरेऐवजी लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता धरतो अशी यादी) वापरली तर हे प्रश्न सुटतील का?

उत्तर : लिंक्ड लिस्टने यांपैकी एकही प्रश्न सुटणार नाही. तुमच्या अडचणी यादी मेमरीत कशी ठेवली आहे यातून आलेल्या नाहीत. माणसाने टाइप केलेला मजकूर प्रोग्राममध्ये येतो ती जागा आणि यादी प्रोग्राममधून डिस्कवर जाते ती जागा, या दोन ठिकाणी त्या उभ्या आहेत. पाठ्यपुस्तकांत यादीच्या रचनेवर अनेक पाने असतात आणि या दोन जागांवर जेमतेम दोन परिच्छेद, त्यामुळे विद्यार्थ्याचे सारे लक्ष रचनेकडे जाते. कामांची यादी ठेवणाऱ्या प्रोग्रामचे पहिले कर्तव्य मात्र एकच आहे आणि ते म्हणजे सोपवलेली नोंद न हरवणे. बाकी सगळे त्याच्या नंतर येते.

प्रथम शीर्षकाकडे पाहू. मेन्यूतला आकडा स्कॅनएफने वाचला की तो आकडा तेवढा उचलला जातो आणि त्यामागून दाबलेल्या एंटरचे नवओळ-चिन्ह तसेच इनपुटमध्ये राहते. पुढे येणारे एफगेट्स ते चिन्ह पाहते, ओळ संपली असे समजते आणि रिकामी ओळ घेऊन परतते. गेटचारने ते चिन्ह गिळले जाते हे खरे, पण वापरणाऱ्याने आकड्यानंतर चुकून एक स्पेस दिली तरी हा उपाय कोलमडतो. एकाच इनपुटवर स्कॅनएफ आणि एफगेट्स आलटून पालटून वापरू नयेत. प्रत्येक ओळ एफगेट्सने पूर्ण घ्यावी आणि त्या ओळीतून आकडा हवा असेल तर तो एसटीआरटोलने काढावा. हेच काम करणारे एटीओआय वापरण्याचा मोह टाळावा, कारण ‘शून्य’ हा आकडा आला की आकडा आलाच नाही, हे एटीओआय सांगू शकत नाही. एसटीआरटोल मात्र वाचन कुठे थांबले त्या जागेचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, देते आणि तो सुरुवातीलाच असेल तर आकडा नव्हता हे निश्चित कळते.

आता ६४ जागांबद्दल. सी भाषेतील ‘चार’ हा कॅरॅक्टरचा प्रकार म्हणजे एक बाइट असतो. ते आपण वाचतो ते अक्षर नव्हे. यूटीएफ-८ या मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, वेलांटी, मात्रा, हलंत ही सारी स्वतंत्र चिन्हे असतात. तुमचेच शीर्षक मोजून पाहा. ‘गणपतीच्या’ या शब्दात ९ चिन्हे, ‘माटोळीसाठी’ मध्ये १०, ‘सामान’ मध्ये ५ आणि ‘आणणे’ मध्ये ४, अशी एकूण २८ चिन्हे होतात; त्यांचे ८४ बाइट आणि मधल्या तीन स्पेसचे ३, म्हणजे ८७ बाइट झाले. शेवटच्या शून्य-बाइटसाठी एक जागा राखून एफगेट्स तुमच्या अ‍ॅरेत ६३ बाइट घेते. पहिले दोन शब्द व त्यांच्यामागच्या दोन स्पेस यांत ५९ बाइट जातात, ‘स’ चे ३ मिळून ६२ होतात आणि ६३ व्या जागेवर ‘सा’ च्या कान्याचा पहिला बाइट येऊन बसतो. कान्याचे उरलेले दोन बाइट बाहेरच राहतात. अर्धवट तुटलेले ते चिन्ह टर्मिनलला ओळखता येत नाही, म्हणून त्या जागी चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. उरलेले २४ बाइट आणि नवओळ-चिन्ह इनपुटमध्ये वाट पाहत राहतात आणि तारखेसाठी केलेले पुढचे वाचन तेच उचलते. तारीख टाइप करायला न मिळण्याचे कारण हे आहे.

अ‍ॅरे २५६ जागांचा केला तर हे शीर्षक मावेल, पण प्रश्न पुढे ढकलला जाईल एवढेच. एफगेट्सने ओळ घेतल्यावर तिच्या शेवटी नवओळ-चिन्ह आहे का ते दर वेळी तपासावे. ते नसेल आणि फाइलचा शेवटही झालेला नसेल, तर ओळ अपुरी आली आहे. अशा वेळी नवओळ मिळेपर्यंतचा उरलेला भाग वाचून टाकून द्यावा आणि शीर्षक फार लांब झाल्याचे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगावे. गुपचूप कापलेले शीर्षक साठवण्यापेक्षा नकार देणे केव्हाही चांगले. लिनक्सवर काम करत असाल तर पॉझिक्स या युनिक्स-पद्धतीच्या सिस्टमांच्या मानकातील गेटलाइन हे फंक्शन ओळीच्या लांबीप्रमाणे मेमरी स्वतःच वाढवते. तिथे हा विचार करावा लागत नाही, फक्त शेवटी ती मेमरी फ्री करावी लागते.

माझे मत विचाराल तर मेन्यूच काढून टाका. टर्मिनलवरच्या प्रोग्रामला त्याचे काम हुकमासोबतच सांगावे ही रीत अधिक सोयीची आहे. प्रोग्रामचे नाव ‘काम’ असेल तर ‘काम जोड’ लिहून पुढे अवतरणचिन्हांत शीर्षक द्यावे, ‘काम यादी’ लिहिले की यादी यावी, ‘काम झाले’ आणि पुढे क्रमांक दिला की त्या कामावर खूण व्हावी. हे शब्द मेन फंक्शनला आर्गसी (शब्दांची संख्या) आणि आर्गव्ही (ते शब्द) यांतून मिळतात. आर्गव्हीतील शून्याव्या जागी बहुधा प्रोग्रामचे नाव असते, पहिल्या जागी ‘जोड’ आणि दुसऱ्या जागी शीर्षक, तेही पूर्ण लांबीचे. मग एसटीआरलेनने लांबी मोजून, एक मिळवून, तेवढी मेमरी मॅलॉकने घेतली की झाले. अवतरणचिन्हे विसरली तर शेल, म्हणजे टर्मिनलवरचे हुकूम वाचणारा प्रोग्राम, त्या शीर्षकाचे चार वेगळे शब्द करून देतो. आर्गसी अपेक्षेपेक्षा जास्त आली की हे ओळखता येते. तेव्हा पहिलाच शब्द साठवून मोकळे न होता वापरण्याची पद्धत एसटीडीएररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या मार्गावर, छापून थांबावे. मेन्यू गेला की लहरी इनपुट वाचण्याचा तुमचा जवळजवळ सगळा कोडच जातो.

आता फाइलविषयी, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वीज गेली हे निमित्त झाले. तुमचा प्रोग्राम यादी साठवताना फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडत असणार. या मोडचा अर्थच असा की एफओपन यशस्वी होताच फाइलमधला आधीचा सगळा मजकूर नाहीसा होतो. त्यानंतर तुम्ही एफप्रिंटएफने लिहिता तो मजकूरही लगेच डिस्कवर जात नाही. तो आधी सी लायब्ररीच्या बफरमध्ये आणि तिथून ऑपरेटिंग सिस्टमच्या मेमरीत थांबतो. म्हणजे जुनी यादी पुसली गेली आहे आणि नवी अजून डिस्कवर उतरलेली नाही, असा एक काळ प्रत्येक वेळी येतोच. तुमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको, पण वीज कधीही न जाणाऱ्या शहरातही हीच गत डिस्क भरल्यामुळे किंवा प्रोग्राम मध्येच कोसळल्यामुळे होऊ शकते. वहीतले जुने पान आधी फाडायचे आणि मग नवे लिहायला बसायचे, असा हा प्रकार आहे.

योग्य क्रम असा ठेवावा. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल उघडून तिच्यात पूर्ण यादी लिहावी. लिहून झाल्यावर एफएररने चूक झाली का ते पाहावे, एफफ्लशने बफर रिकामा करावा आणि लिनक्सवर एफसिंकने मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर पोहोचवावा. नंतर एफक्लोज करावे आणि त्याने परत दिलेली किंमतही तपासावी. ती कोणी तपासत नाही, पण डिस्क भरल्याची बातमी पुष्कळदा तिथेच कळते. हे सगळे निर्वेध पार पडले तरच रिनेमने तात्पुरत्या फाइलला खऱ्या फाइलचे नाव द्यावे. पॉझिक्स पद्धतीच्या सिस्टमवर ही अदलाबदल अखंड असते, म्हणजे त्या नावाने फाइल उघडणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी यादी मिळते किंवा पूर्ण नवी. फोल्डर तोच ठेवण्याचे कारण असे की एका फाइलसिस्टमवरून दुसऱ्या फाइलसिस्टमवर रिनेम होत नाही. विंडोजवर सी लायब्ररीचे रिनेम आधीच असलेल्या नावावर जात नाही आणि चूक परत करते. तिथे मूव्हफाइलएक्स हे विंडोजचे स्वतःचे फंक्शन, बदली करण्याची खूण देऊन, वापरावे लागते. मधल्या कुठल्याही पायरीवर चूक आली तर जुन्या फाइलला हात न लावता थांबावे.

फाइलमधील मांडणी साधी मजकुराची असावी. एका ओळीत एक काम आणि मध्ये टॅब. पूर्ण स्ट्रक्ट (एका कामाची सगळी माहिती एकत्र ठेवणारी रचना) एफराइटने जसाच्या तसा लिहिण्याची पद्धत अनेक विद्यार्थी वापरतात, कारण ती दोन ओळींत संपते. पण स्ट्रक्टच्या घटकांमध्ये कंपायलर मोकळे बाइट घालतो, ते प्रत्येक कंपायलरमध्ये सारखे असतीलच असे नाही, आणि उद्या तुम्ही एक नवा घटक वाढवलात की जुनी फाइल वाचता येत नाही. स्ट्रक्टमध्ये शीर्षकाचा पॉइंटर असेल तर परिस्थिती आणखी वाईट होते, कारण फाइलमध्ये शीर्षक न जाता मेमरीतला पत्ता जातो आणि प्रोग्राम पुन्हा चालू केल्यावर तो निरर्थक असतो. मजकुराची फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येते आणि बिघडली तर हाताने दुरुस्तही करता येते.

ओळीतला क्रम मी असा ठेवीन : क्रमांक, स्थिती, तारीख आणि सर्वांत शेवटी शीर्षक. शीर्षक शेवटी ठेवले की त्यात टॅब आला तरी बिघडत नाही. फक्त नवओळ येऊ द्यायची नाही. ही ओळ फोडण्यासाठी एसटीआरटॉक घेऊ नका. सगळ्याच कामांना तारीख नसते. तारीख रिकामी असेल तेव्हा दोन टॅब लागोपाठ येतात आणि एसटीआरटॉक त्या दोहोंना एकच समजते. परिणामी शीर्षकाचा मजकूर तारखेच्या जागी सरकतो. एसटीआरसीएचआरने एकेक टॅब शोधत पुढे जावे, म्हणजे रिकामी जागा रिकामीच राहते. वाचनाचे वर्तुळही एफईओएफवर न चालवता एफगेट्सच्या उत्तरावर चालवावे. एफईओएफ शेवट येऊन गेल्यावर, म्हणजे एक वाचन फसल्यानंतर, होकार देते. म्हणून त्यावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटचे काम दोनदा दिसते.

तारखेविषयी थोडक्यात. ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, महिना आणि दिवस दोन आकडी ठेवून साठवावी, म्हणजे साध्या एसटीआरसीएमपीने तारखांचा क्रम लागतो. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर २०२६ चा गोवा क्रांतिदिन, म्हणजे १८-०६-२०२६, हा २०२५ च्या गोवा मुक्तिदिनाच्या, म्हणजे १९-१२-२०२५ च्या, आधी येऊन बसेल. दाखवताना हवी तशी दाखवावी. तारीख खरी आहे का हे पाहण्यासाठी एमकेटाइमचा उपयोग होतो. ते ३१ फेब्रुवारीला निमूटपणे मार्चमध्ये ढकलते, म्हणून त्याला दिलेला दिवस व महिना आणि त्याने परत केलेला दिवस व महिना जुळतात का ते पाहावे. एमकेटाइमला द्यायच्या तारखेच्या स्ट्रक्टमध्ये महिना शून्यापासून आणि वर्ष १९०० पासून मोजले जाते, हे विसरू नये.

मेमरीतल्या यादीसाठी गरजेप्रमाणे वाढणारा साधा अ‍ॅरे पुरेसा आहे. एका माणसाची कामे काही शेकड्यांच्या पुढे जात नाहीत आणि तेवढ्या यादीत लिंक्ड लिस्टने वेग मिळत नाही, फक्त पॉइंटर वाढतात. जागा संपली की रिअ‍ॅलॉकने ती दुप्पट करावी. रिअ‍ॅलॉकचे उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नये. मेमरी मिळाली नाही तर ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देते, जुनी मेमरी मात्र तशीच असते आणि तिचा पत्ता तुम्ही स्वतःच पुसलेला असतो. उत्तर वेगळ्या पॉइंटरमध्ये घेऊन ते नल नाही याची खात्री झाल्यावरच मूळ पॉइंटर बदलावा. याच ठिकाणी आणखी एक चूक फार सहज होते. एखाद्या कामाचा पत्ता पॉइंटरमध्ये धरून ठेवायचा, मग नवे काम जोडायचे आणि नंतर तोच पॉइंटर वापरायचा. मधल्या काळात रिअ‍ॅलॉकने सगळी यादी दुसरीकडे हलवलेली असू शकते आणि तुमचा पॉइंटर परत केलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो. चाचणीत दोन-चार कामांवर हे दिसत नाही. यादी मोठी झाल्यावर प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो. म्हणून पत्त्याऐवजी अ‍ॅरेतला निर्देशांक धरावा. जीसीसी या कंपायलरला ‘वॉल’ आणि ‘एक्स्ट्रा’ इशारे चालू करायला सांगून, डीबग माहिती आणि मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह कंपाइल करून चालवले तर अशी चूक नेमक्या ओळीसकट समोर येते. प्रकल्प सादर करण्यापूर्वी एकदा तरी हे करा.

कामाचा क्रमांक एकदा दिला की कधी बदलू नये. अ‍ॅरेतल्या जागेलाच क्रमांक मानले तर तिसरे काम काढल्यावर चौथे तिसरे होते. वापरणाऱ्याने मघाशी पाहिलेल्या यादीवरून ‘पाच’ काढायला सांगितले की भलतेच काम जाते, आणि ते गेल्याचे त्याला कदाचित कधी कळतही नाही. पुढचा क्रमांक फाइलच्या पहिल्या ओळीत वेगळा साठवावा. केवळ सर्वांत मोठ्या क्रमांकात एक मिळवत गेले तर शेवटचे काम काढल्यानंतर त्याचाच क्रमांक नव्या कामाला मिळतो.

प्रश्न : मी पेडणे तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात संगणक विषय शिकवते. मुलांनी असाच प्रोग्राम केला असून त्यात दशावतारी नाटकाच्या रात्रीची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची कामे मराठीत लिहिली आहेत. इंग्रजी शीर्षकांना यादीचे रकाने सरळ येतात, मराठी शीर्षकांना मात्र वेडेवाकडे होतात. प्रिंटएफमध्ये ३० ची रुंदी दिलेली आहे. दुसरे असे की एका मुलीने क्रमांक देवनागरीत टाइप केला, तर प्रोग्रामने काम सापडले नाही असे सांगितले. विंडोजवर तर काही संगणकांत मराठी अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे येतात.

उत्तर : देवनागरी क्रमांक टाइप करून पाहणाऱ्या त्या विद्यार्थिनीचे अभिनंदन करावे. अशी चाचणी सहसा कोणाला सुचत नाही आणि मराठीत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती पहिली असायला हवी.

प्रिंटएफला दिलेली रुंदी बाइटमध्ये मोजली जाते. ‘माटोळी’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट आहेत. त्यामुळे ३० च्या रुंदीत प्रिंटएफ पुढे १२ स्पेस घालते. पडद्यावर मात्र तो शब्द १८ घरे मुळीच व्यापत नाही. मग बाइटऐवजी चिन्हे मोजावीत असे वाटेल, आणि ते अवघडही नाही : ज्या बाइटची किंमत १२८ ते १९१ या दरम्यान आहे तो आधीच्या चिन्हाचा उरलेला भाग असतो, तो वगळून बाकीचे मोजले की चिन्हांची संख्या मिळते. पण चिन्हांची संख्या म्हणजेही पडद्यावरची रुंदी नव्हे. उकार वा अनुस्वार वेगळे घर घेत नाहीत, काना काही टर्मिनलांवर घेतो, जोडाक्षर एका टर्मिनलवर एकत्र दिसते आणि दुसऱ्यावर हलंतासह सुटे. पॉझिक्समधील डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन अंदाज देते, तरी पडद्यावरचे चित्र शेवटी टर्मिनल आणि फॉन्ट ठरवतात. मुलांना यात महिनाभर गुंतवू नये. शीर्षकाचा रकाना सर्वांत शेवटी न्यावा. क्रमांक, खूण आणि तारीख आधी छापावी. त्या तिन्हींची लांबी आपल्या हातात असते, आणि शीर्षकाच्या उजवीकडे काही नसल्यामुळे त्याची रुंदी कितीही असली तरी काही वाकडे होत नाही. शीर्षक लहान करण्यासाठी प्रिंटएफला अचूकतेचा आकडा देऊ नये, कारण तोही बाइटच मोजतो आणि चिन्ह मधोमध कापतो.

देवनागरी अंक एसटीआरटोल किंवा इझडिजिट यांना ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी अंक म्हणजे आस्की या मूळ इंग्रजी संकेतपद्धतीतील दहा चिन्हे. देवनागरीतले शून्य ते नऊ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असतात. पहिला बाइट २२४, दुसरा १६५ आणि तिसरा शून्यासाठी १६६ पासून नवासाठी १७५ पर्यंत. म्हणून एक लहान फंक्शन लिहावे, जे मजकूर डावीकडून वाचत जाईल, हे त्रिकूट दिसले की तिसऱ्या बाइटमधून १६६ वजा करून येणारा अंक आस्कीत लिहील आणि इतर बाइट तसेच ठेवील. नवा मजकूर जुन्यापेक्षा लहानच होतो, त्यामुळे हे काम त्याच अ‍ॅरेत करता येते. हे फंक्शन क्रमांक आणि तारीख यांनाच लावावे. शीर्षकात लिहिणाऱ्याने जे अंक वापरले ते तसेच राहू द्यावेत.

या फंक्शनमध्ये मुले हमखास एका ठिकाणी अडतील, ते आधीच सांगून ठेवते. आपल्या नेहमीच्या इंटेल जातीच्या संगणकांवर जीसीसीचा साधा ‘चार’ चिन्हांकित असतो, म्हणजे त्याची किंमत उणे १२८ ते १२७ एवढीच असू शकते. त्यात २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून दिसतो आणि ‘हा बाइट २२४ आहे का’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी नाही असेच येते. बाइट ‘अनसाइन्ड चार’ मध्ये घेऊनच तुलना करावी. इझस्पेससारख्या फंक्शनांना मराठी मजकूर देतानाही हेच रूपांतर करावे, कारण त्यांना उणे किंमत दिल्यास काय होईल याची भाषेच्या मानकात हमी नाही.

विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये आधी कोडपेज (कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता) ६५००१ वर आणावे लागते. हा यूटीएफ-८ चा क्रमांक आहे. तेवढ्याने छपाई सुधारते. हुकमासोबत दिलेले मराठी शब्द मात्र साध्या मेन फंक्शनला सिस्टमच्या ठरलेल्या कोडपेजमध्ये बदलून मिळतात, आणि त्या कोडपेजात देवनागरी नसेल तर शब्द प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची प्रश्नचिन्हे झालेली असतात. तिथे डब्ल्यूमेन वापरून रुंद अक्षरे घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत लिनक्स घालणे शक्य असेल तर या वर्गासाठी तो मार्ग अधिक सरळ आहे.

प्रश्न : मी डिचोलीत राहतो. मुलगी महाविद्यालयात टर्बो सीवर शिकते. तिथे चालणारा तिचा कामांच्या यादीचा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर जीसीसीमध्ये चालत नाही; क्लरएससीआर आणि गेटच सापडत नाहीत आणि गेट्सबद्दल धोक्याचा इशारा येतो. तिने नेमके काय बदलावे? आणि आज सीऐवजी पायथनमध्येच हे करणे शहाणपणाचे नाही का?

उत्तर : स्वतःच्या वापरासाठी यादी हवी असेल तर पायथनमध्ये ती एका संध्याकाळी होते आणि तसे करण्यात काहीच गैर नाही. शिकण्यासाठी मात्र सीची निवड चांगली आहे, कारण वर आलेले बाइट, मेमरी आणि बफर यांचे प्रश्न पायथनने झाकून ठेवलेले असतात; ते पाहिल्याशिवाय समजत नाहीत.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली आणि तिचे पहिले अमेरिकी मानक १९८९ मध्ये आले. बोरलँडचा टर्बो सी १९८७ चा आहे; तो डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी लिहिलेला आहे. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन यांनी १९९२ मध्ये मांडली, म्हणजे मराठी शीर्षकांची अपेक्षा त्या कंपायलरकडून करताच येत नाही. त्यात ‘इंट’ १६ बिटांचा असल्याने ३२७६७ च्या पुढे तो मोजत नाही. क्लरएससीआर आणि गेटच ही फंक्शने सी भाषेची नसून डॉसच्या कोनिओ हेडरमधली आहेत. ती सरळ काढून टाकावीत, यादीच्या प्रोग्रामला त्यांची गरज नाही. गेट्स या फंक्शनला अ‍ॅरे किती मोठा आहे हे सांगण्याची सोयच नव्हती, त्यामुळे लांब ओळ आली की ते अ‍ॅरेच्या पलीकडची मेमरी बिनदिक्कत पुसत असे. २०११ च्या मानकातून ते काढून टाकले आहे. त्याच्या जागी एफगेट्स घ्यावे आणि शेवटचे नवओळ-चिन्ह आपण काढावे.

‘व्हॉइड मेन’ लिहिले असेल तर तेही ‘इंट मेन’ करावे आणि काम यशस्वी झाल्यास शून्य, फसल्यास एक परत करावा. शेलमध्ये दोन हुकमांच्या मध्ये दोन अँपरसँड चिन्हे लिहिली की पहिल्याने शून्य परत केले तरच दुसरा चालतो. तिने ‘काम जोड’ च्या पुढे अशा रीतीने यादीची प्रत पेनड्राइव्हवर घेण्याचा हुकूम जोडला, तर साठवणे फसलेल्या दिवशी पेनड्राइव्हवरच्या चांगल्या प्रतीला धक्का लागणार नाही.